लिंबू, मिरची आणि शेजारीण

लिंबाशी माझं वैर नाही. पोह्यांवर पिळलेलं लिंबू, वरणभातावर पिळलेलं लिंबू आणि उन्हातून घरी आल्यावर पेल्यातून समोर येणारं लिंबू, या तिन्ही अवतारांचा मी भक्त आहे. मिरचीचं तर नावच काढू नका. ठेचा नसला की भाकरी घशाखाली उतरत नाही. पण या दोन सज्जनांना एका दोऱ्यात ओवून, वर बिब्ब्याची सोबत देऊन कुणी दाराला टांगलं, की माझा तोल जातो. खायची वस्तू पहाऱ्याला बसवली याचं मला फारसं दुःख नाही. त्या पहाऱ्यामागे जे लपलेलं असतं ते मला सोसत नाही. ते काय, हे पुढे सांगणारच आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचून थेट लिंबू उतरवलं तरी माझी तक्रार नाही.

हा विषय पाहायचा तर वेरूळला जावं. छत्रपती संभाजीनगरहून तीसेक किलोमीटर. वाटेत देवगिरीचा किल्ला, मग घाट, वर खुलताबाद आणि पुढे उतारावर वेरूळ. या रस्त्यावर तुम्हाला मागे टाकून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला संरक्षण असतं. टेम्पोच्या नाकाशी लिंबू-मिरची, पाठीशी काळी बाहुली, आत आरशाला कुठल्याशा बाबांचा गंडा आणि बंपरला घोड्याची नाल. एवढा बंदोबस्त असल्यावर ब्रेककडे कोण बघतो? एका स्कूटरवर नवरा, बायको, मधे एक मूल, पुढे एक मूल आणि हँडलला लिंबू. हेल्मेट घरी. विचारलंत तर उत्तर मिळतं, "हेल्मेटनं फार उकडतं हो." लिंबानं उकडत नाही, हा लिंबाचा मोठाच गुण मानला पाहिजे.

वेरूळ गावात घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते पुन्हा बांधलं. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांनी सदरा काढायचा असा इथला रिवाज आहे. हा रिवाज समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी फार उपयोगी आहे. बाहेर रांगेत कडक इस्त्रीच्या शर्टात जो गृहस्थ बँकेचा मोठा अधिकारी दिसत होता, तो सदरा काढताच दंडाला दोन ताईत, गळ्यात तीन गंडे आणि कमरेला काळा दोरा असा वेगळाच निघतो. साक्षात महादेवाच्या दर्शनाला आलेला माणूस वर एवढा जादा विमा उतरवून येतो, याचं महादेवाला काय वाटत असेल? पण तो भोळा सांब. बोलत नाही.

देवळापासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर लेणी. एकूण चौतीस. पहिली बारा बौद्धांची, पुढची सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. इथेही जिकडे पाहाल तिकडे चिन्हंच चिन्हं आहेत. सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात, शिरल्याबरोबर समोर गजलक्ष्मी येते. कमळांनी भरलेलं तळं, त्यात बसलेली लक्ष्मी आणि सोंडेनं तिला अंघोळ घालणारे हत्ती. पाऊस येवो, पीक येवो, घर भरो, एवढं सगळं ती एक अक्षर न बोलता सांगते. चिन्हाचं काम सांगणं. ते तिनं केलं, आता पुढचं आपण आपल्या हातापायांनी करायचं.

आपल्या दारात मात्र व्यवस्था असते ती लक्ष्मीच्या थोरल्या बहिणीची. अलक्ष्मी, म्हणजे आपली अक्काबाई. तिला आंबट-तिखट आवडतं, म्हणून लिंबू-मिरची बाहेरच टांगायची. ती दारातच खाऊन तृप्त होते आणि आत न येता परत जाते, असं जुन्या बायका सांगत. गोष्ट म्हणून मला ही आवडते. पण यातली एक खुबी लक्षात ठेवा. संकटाचं चित्र काढायला बसलो तेव्हा आपण काय काढलं? वादळ काढलं नाही, रोग काढला नाही, सावकार काढला नाही. दाराबाहेर उभी असलेली एक बाई काढली. हिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

इथे एखादे चतुर वाचक बोट वर करतील. "वेरूळचं कौतुक सांगताय, पण मंत्रतंत्र तिथंही होतंच की!" होतं. नाकारतो कोण? सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक देवी उभी आहे. शेजारी मोर आणि खाली पोथी पुढ्यात घेऊन वाचत बसलेला एक अभ्यासू. सहलीला आलेली मुलं आणि त्यांच्यापेक्षा अधिक आत्मविश्वासानं त्यांचे मास्तर, मोर दिसला म्हणून तिला सरस्वती ठरवून पुढे जातात. ती सरस्वती नव्हे. ती महामायूरी, सापाच्या विषापासून राखण करणारी बौद्ध देवता. मोर सापाला भारी, म्हणून मोर. तिची कथा अशी की, स्वाती नावाचा एक तरुण भिक्षू अंघोळीच्या पाण्यासाठी लाकडं फोडत होता, त्याला साप चावला. आनंद धावत बुद्धांकडे गेला आणि बुद्धांनी त्याला ही महामायूरी विद्या सांगितली. १८९० साली मध्य आशियात कुचा इथे भूर्जपत्रांवरची एक हस्तलिखित पोथी सापडली, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. बॉवर हस्तलिखित म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्या एकाच बाडात लसणाचे गुण आहेत, फासे टाकून भविष्य बघण्याची रीत आहे आणि सापाच्या विषावरचा हा महामायूरी मंत्रही आहे. म्हणजे आपल्या आजीचा फडताळातला डबाच म्हणा ना. लसूणही त्यात आणि अंगाराही त्यातच.

त्या लोकांना मी हसणार नाही. डोंगराच्या पोटात राहणारे भिक्षू, पावसाळ्याच्या रात्री, अनवाणी पाय आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. साप चावला तर हाती दुसरं काही नव्हतंच. तेव्हा त्यांनी मोर कोरला, मंत्र म्हटला, एकमेकांना धीर दिला. बिचाऱ्यांनी जवळ होतं नव्हतं ते सगळं लावलं.

पण आपल्याजवळ आता बरंच काही आहे. गंमत पाहा. ती पोथी सापडली १८९० साली आणि त्यानंतर चार-पाच वर्षांतच आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरानं सर्पविषावरची लस तयार केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेनंही अशी लस वर्षानुवर्षं बनवली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. ती कशी होते? घोड्याला विषाचे अगदी बारीक डोस टोचत जायचे, त्याच्या रक्तात विषाला मारणारा पदार्थ तयार होतो, तो काढून शुद्ध करायचा. म्हणजे संकटात घोडा खरोखरच माणसाच्या कामी येतो, पण तो रक्तानं. आपण मात्र त्याच्या पायातला झिजलेला पत्रा काढून दाराला ठोकला आणि म्हटलं, चला, झाला घोड्याचा उपयोग!

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे बारा लाख माणसं मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक सगळी खेड्यापाड्यातली. रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेली, जमिनीवर झोपलेली. यातली किती आधी भगताकडे नेली गेली असतील? मारुतीच्या पारावर न्यायचं, कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं. तो पाला कडू-गोड करीपर्यंत तास निघून जातो, आणि मण्यारीच्या विषाला तेवढा तास पुरतो. भगताचा माणूस वाचतो कधी? तर बहुतेक वेळा चावलेली असते धामण किंवा दिवड. त्यांना विषच नसतं. बिनविषारी सापांच्या जिवावर भगतानं आपली विषारी कीर्ती उभी केलेली असते.

म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करत बसणं हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं मंत्र्यांचे उंबरे झिजवत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात फिरायला निघालेले असताना त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. इतकी वर्षं न हललेली फाइल एका माणसाचा जीव गेल्यावर हलली. इथं विनोद सुचत नाही.

"भगत, पार, कडुलिंब, हे सगळं खेड्यातलं झालं. आपला काय संबंध?" असं आता तुमच्या मनात आलं असेल. आमचे एक साडू हेच म्हणतात. साडू इंजिनिअर आहेत. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब किती हे ते झोपेतही सांगतील. त्यांच्या कपाटाच्या लॉकरमध्ये, फिक्स डिपॉझिटच्या पावत्यांवर, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं कुबेर यंत्र आहे. मी ते पाहिलं. तीन बाय तीन अशी नऊ घरं. पहिल्या ओळीत २७, २०, २५. दुसरीत २२, २४, २६. तिसरीत २३, २८, २१. आडवी करा, उभी करा, तिरपी करा, बेरीज ७२. साडू म्हणाले, "पाहिलंत? हा योगायोग असू शकतो का?"

योगायोग मुळीच नाही. ते गणित आहे. एक ते नऊ आकडे नऊ घरांत असे बसवायचे की कुठूनही बेरीज पंधरा यावी, हे पंधराचं यंत्र फार जुनं. त्यातल्या प्रत्येक आकड्यात एकोणीस मिळवा, झालं साडूंचं कुबेर यंत्र. तीन घरांत तीन वेळा एकोणीस म्हणजे सत्तावन्न, अधिक पंधरा, बहात्तर. यात कुबेर कुठे येतो? एकोणीसऐवजी शंभर मिळवले तर बेरीज ३१५ येईल. मग तेच यंत्र चौपटीहून जास्त पैसे देईल काय? आपल्या नारायण पंडितांनी १३५६ साली गणितकौमुदीत या चौकटींवर 'भद्रगणित' नावाचं एक अख्खं प्रकरण लिहिलं. ते कशासाठी शिकायचं हे सांगताना त्यांनी यंत्रं करणाऱ्यांची सोय पाहिली, चांगल्या गणितज्ञांचा आनंद पाहिला आणि कच्च्या गणितज्ञांचा गर्व उतरवणं हाही हेतू सांगून टाकला. मी हे साडूंना ऐकवलं. ते म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे, पण असू द्यावं. काय बिघडतं?"

हे 'काय बिघडतं' म्हणजे आपल्या मध्यमवर्गाचं खरं यंत्र. याचा बीजमंत्र एवढाच आहे आणि तो सगळीकडे चालतो. कायदाही साडूंच्या वाटेला जात नाही. वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी, नंदीबैलवाले, पाणी शोधणारे पाणाडे, या सगळ्यांना त्यानं सांभाळून घेतलं आहे. शिवाय हल्ली मोबाइलवर मजकूर फिरतो की, लिंबातलं सी जीवनसत्त्व दोऱ्यावाटे हवेत पसरतं आणि घर निरोगी राहतं. तसं असतं तर लिंबाच्या बागेतल्या माळ्याला सर्दीच झाली नसती.

तेव्हा काय बिघडतं, याचं उत्तर देतो.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. लहान मूल दिसलं की काकूंचा जीव सुपाएवढा होतो. वरच्या मजल्यावर बाळ आलं तेव्हा त्या हौसेनं गेल्या, मांडीवर घेऊन म्हणाल्या, "किती गोड गं! अगदी दुधावरची साय." त्या रात्री बाळाला जुलाब झाले. घरच्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत, म्हणजे गॅसवर, टाकल्या. फार तडतडल्या म्हणे. मोहरी तापली की तडतडतेच, आपण रोज फोडणी करतो; पण त्या दिवशी तिला साक्षीदार केलं गेलं. सकाळी दाराला नवंकोरं लिंबू लागलं. कुणी काही बोललं नाही. आपण सुशिक्षित, आपण बोलत नाही. फक्त पुढल्या वेळी काकू जिन्यात भेटल्या तेव्हा बाळाच्या आईनं पदर बाळाच्या तोंडावर ओढला. काकू आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचत आलेल्या. त्यांना कळायला किती वेळ लागणार? आता कुणाकडे बारसं असलं की त्या दारातच उभ्या राहतात आणि हसून म्हणतात, "मी आपली लांबूनच बघते हं."

लिंबाच्या बाबतीत हे बिघडतं. यंत्र निदान गप्प पडून राहतं, लिंबू गप्प बसत नाही. नजर लागू नये म्हणून लिंबू टांगायचं, म्हणजे नजर लावणारं कुणीतरी आहे हे आधी मान्य करायचं. ढाल विकत घेतली की शत्रू शोधावाच लागतो. आणि हा शत्रू कोण निघतो? तालुक्याचा तहसीलदार निघत नाही. हप्ता वसूल करणारा बँकेचा साहेब निघत नाही. त्यांची नजर लागायची भीती कुणाला वाटत नाही, खरं तर तीच जास्त लागते. निघते ती शेजारीण. विधवा, मूलबाळ नसलेली, एकटी राहणारी, किंवा नुसतीच सडेतोड बोलणारी. दाराबाहेर उभी असलेली ती अक्काबाई तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितली होती ना? तीच ही.

शहरात ती बारशाला लांब उभी राहते. खेड्यात गाय आटली की तिच्या नावानं बोटं मोडली जातात. सातपुड्यात तिला डाकीण म्हणतात आणि गावाबाहेर काढतात. कायद्याच्या अनुसूचीत हेही आहे बरं का. अमका करणी करतो, मंत्रानं जनावरांचं दूध आटवतो असं म्हणून एखाद्याबद्दल संशय पसरवणं हा गुन्हा आहे. पण जिन्यात पदर ओढणं कुठल्या कलमात बसवणार?

आजीनं नातवाच्या गालाला तीट लावली तर मी भांडायला जाणार नाही. तीट हा आजीचा लाडच आहे. काळा ठिपका लावल्यावर पोर आणखी गोड दिसतं, हे तिलाही ठाऊक असतं. पण तीट लावून झाल्यावर आजी विचारू लागली की, "सकाळपासून कोण कोण येऊन गेलं गं?" तर तिथं लाड संपला आणि तपास सुरू झाला. माझं भांडण त्या तपासाशी आहे.

नजरेचंच म्हणाल तर पुन्हा वेरूळला चला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत, आठव्या शतकात, कैलास डोंगरातून वरून खाली कोरत आणला. बडोद्याला सापडलेल्या, सुमारे ८१२ सालच्या एका ताम्रपटात त्याचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते देऊळ पाहून थक्क झाले आणि ज्या कारागिरानं ते केलं तोही स्वतःच आश्चर्यात पडला की, हे माझ्या हातून झालं तरी कसं, पुन्हा म्हणून होणार नाही, असा त्यातला भाव आहे. म्हणजे देवांची नजर लागली आणि आपलीच आपल्याला लागते ती, सगळ्यांत वाईट समजली जाणारी, तीही लागली. त्यानंतर बाराशे वर्षांहून अधिक काळ राजे, यात्रेकरू, चोर, साहेब, सहलीची पोरं, सगळ्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि मनापासून "वाहवा" म्हटलं. १९८३ साली तर युनेस्कोनं वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत घातलं, म्हणजे साऱ्या जगाची नजर लागायची रीतसर सोयच केली. लिंबू नाही, बाहुली नाही, नाल नाही. कैलास उभा आहे. तिथल्या मूर्तींची नाकं गेली, हात गेले, रंग उडाले. ते माणसाच्या घणानं गेले, झिरपत्या पाण्यानं गेले, काळानं गेले. कौतुकानं पाहिल्यामुळे एक टवकासुद्धा उडालेला नाही. काकूंच्या डोळ्यांनी दुधावरची साय नासत असती, तर वेरूळला आज नुसती खडी उरली असती.

तेव्हा माझी विनंती एवढीच. लिंबू टांगायचंच असेल तर अवश्य टांगा, पण खाली एक चिठ्ठी लावा आणि हे कुणाच्या नजरेसाठी टांगलंय ते नाव स्वच्छ अक्षरात लिहा. खालच्या मजल्यावरच्या काकू, समोरची वहिनी, थोरली जाऊ, जी कुणी मनात असेल ती. जिन्यातून जाता-येता तिला वाचता आलं पाहिजे. नाव लिहायला हात धजत नसेल, तर लिंबू उतरवा, चिरा, चांगलं दोन पेले सरबत करा आणि त्यातला एक तिला नेऊन द्या.